मुलगी कुठे आहे ते कळतं, तिला काय झालं ते कळत नाही

ताई,

मला १९ वर्षांची मुलगी आणि १६ वर्षांचा मुलगा आहे. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, संध्याकाळी एक क्लासही करते. बसने घरी यायला साडेआठ होतात. रोजच्या बातम्या वाचून माझा जीव थाऱ्यावर नसतो, म्हणून गेल्या वर्षी मी तिच्या फोनवर लोकेशन दिसणारं ॲप टाकलं. पावणेनऊ झाले की मी फोन करतो.

मागच्या महिन्यात तिने दोन तास फोन बंद ठेवला. मैत्रिणीकडे होती. घरी आल्यावर खूप वाजलं, आणि त्या भांडणात धाकट्याच्या तोंडून निसटलं की गेले तीन महिने बसमध्ये एक माणूस तिला त्रास देतो. खेटून उभा राहतो. एकदा तिच्यामागे स्टॉपवर उतरलाही. तिच्या मैत्रिणींना माहीत होतं, भावाला माहीत होतं, आम्हालाच नाही. मी विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, ‘सांगितलं असतं तर तुम्ही क्लास बंद केला असता.’ मला उत्तर सुचलं नाही.

तेव्हापासून मी तिला गाडीने आणतो. ती गाडीत एक शब्द बोलत नाही. हिचं मत माझ्यासारखंच आहे. मी समानता मानणारा माणूस आहे, मुलगा-मुलगी असा भेद घरात कधी केला नाही. पण बाहेरचं जग सुधारेपर्यंत काळजी घ्यायची नाही का? ॲप ठेवू की काढू? पेपर स्प्रे घेऊन देऊ? कराटेला घालू? आणि ती मला का सांगत नाही?

— एक बाबा


बाबा,

सही तुम्ही तशीच केली आहे, तेव्हा मीही तुम्हाला बाबाच म्हणते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर मला शोधावं लागलं नाही. ते तुमच्या मुलीने तुमच्यासमोर उभं राहून दिलंय. ‘सांगितलं असतं तर तुम्ही क्लास बंद केला असता.’ आणि ते ऐकल्यावर तुम्ही काय केलंत? तिची बस बंद केलीत. क्लास वाचला, हे खरं. पण बसबरोबर जे काही होतं ते गेलं. मैत्रिणींबरोबर स्टॉपवर टिवल्याबावल्या करणं गेलं, खिडकीशी जागा मिळाली तर कानात गाणी घालून बसणं गेलं, एखाद्या दिवशी उगाच एक स्टॉप आधी उतरून चालत येणं गेलं. तिने बांधलेला अंदाज तंतोतंत खरा ठरला. बरं, तिने तर सांगितलंही नव्हतं, भावाच्या तोंडून निसटलं होतं. आता त्यालाही कळलं असेल की असलं काही घरात बोललं की ताईचं नुकसान होतं.

रागावू नका. वाईट बाप असतात ते पत्र लिहीत नाहीत. फक्त हा हिशोब एकदा तिच्या बाजूने मांडून बघा. त्या माणसाने तिचा रोजचा प्रवास नासवला. तो तिने कसाबसा निभावला. जागा बदलली असेल, बॅग पाठीवरून पुढे, पुढून मागे केली असेल, कोपर बाहेर काढलं असेल, मैत्रिणीला मध्ये उभं केलं असेल. हे तिला एकटीला जमण्यासारखं होतं. घरी सांगितलं की मात्र गोष्ट तिच्या हातातून जाणार आणि जाताना सगळी संध्याकाळ घेऊन जाणार. दोन नुकसानांतलं लहान तिने निवडलं. तिच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही तेच निवडलं असतं.

माझंच सांगते. कॉलेजात असताना माझ्या पर्समध्ये एक मोठी सेफ्टी पिन असायची. ती कशाला, हे वाचणाऱ्या बायकांना सांगायला नको; पुरुषांनी घरी विचारावं. पण पिनेचा उपयोग गर्दीत. मी अभ्यासाला ज्या वाचनालयात जायचे तिथे गर्दी नसे, आणि तिथे एक गृहस्थ होते, वयाने माझ्या वडिलांएवढे. मी कपाटातून पुस्तक काढायला लागले की ते मागून इतके जवळ यायचे की मानेवर श्वास लागायचा. हात कधी लावला नाही. त्यामुळे तक्रार तरी काय करायची, असं मला वाटे. वर्षभर मी त्या दोन कपाटांमधल्या बोळात पाऊल टाकलं नाही. लागतील ती पुस्तकं मैत्रिणीला काढून आणायला सांगायची. हे वडिलांना सांगितलं तेव्हा मी ४६ वर्षांची होते आणि ते ७८ वर्षांचे. कशावरून विषय निघाला ते आता आठवत नाही. ते म्हणाले, ‘तेव्हाच का नाही बोललीस?’ मी म्हटलं, ‘तुम्ही वाचनालय बंद केलं असतंत.’ ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, ‘हो. केलं असतं.’

वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला तो ‘हो’ आठवतो. तुम्हाला तो म्हणायला एवढं थांबायची गरज नाही. आज रात्री म्हणता येईल. ‘तू म्हणालीस ते खरं होतं. मी क्लास बंद केला असता. यापुढे तू काहीही सांगितलंस तरी त्यासाठी तुझं काही बंद होणार नाही.’ एवढंच. याला ‘पण’ जोडू नका. ‘पण तूही फोन चालू ठेव’ असं शेपूट लावलंत की आधीचं सगळं पुसलं जाईल.

आणि मग तो शब्द पाळावा लागेल, ते जास्त अवघड आहे. पुढच्या वेळी ती काही सांगेल तेव्हा तुमच्या तोंडून पहिलं वाक्य ‘बरं झालं सांगितलंस’ हेच निघायला हवं. दुसरं, ‘तुला काय व्हावंसं वाटतं?’ त्यानंतर गप्प बसायचं. पुरुषांना हे फार जड जातं, मी घरात पाहिलेलं आहे. नळ गळतोय म्हटलं की वाक्य पुरं व्हायच्या आत पाना घेऊन उठायची सवय. मुलगी काही सांगत असते तेव्हा दर वेळी तिला पाना नको असतो. कधी तिला नुसतं कुणीतरी ऐकणारं हवं असतं, कधी सोबत हवी असते, कधी खरोखरच तुम्ही जाऊन त्या माणसाला जाब विचारावा असं वाटत असतं. यातलं काय, ते तिने ठरवायचं.

एका बाबतीत मात्र थांबू नका. तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय: तो एकदा तिच्यामागे स्टॉपवर उतरला. खेटून उभं राहणं आणि मागे उतरणं यांत फरक आहे. दुसरा प्रकार म्हणजे पाठलाग, आणि अनेक देशांच्या कायद्यात तो स्वतंत्र गुन्हा आहे. तो त्याच स्टॉपवर राहतो की मुद्दाम उतरला? त्याला तुमचं घर माहीत आहे का? पुन्हा दिसला का? हे तिला आजच विचारा, उलटतपासणीच्या सुरात नव्हे. आठवतील त्या तारखा, वेळ, बसचा नंबर, त्याचं वर्णन असं तिलाच तिच्या फोनमध्ये लिहून ठेवू द्या. ती पोलिसांकडे जाऊ म्हणाली तर बरोबर जा आणि बोलणं तिला करू द्या. काही दिवस गाडीने आणणंही शहाणपणाचं ठरेल, पण ते तिला विचारून आणि किती दिवस ते आधी ठरवून. तिने कबूल केलेली गाडी आणि तुम्ही लादलेली गाडी यांतला फरक तुम्हाला तिच्या बडबडीवरून कळेल.

आता ॲप. तुमच्यावर टीका करायला लिहीत नाही, पण हे एकदा डोळ्यांसमोर आणा. त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी तुम्ही स्क्रीनवर एक निळा ठिपका बघत होतात. ठिपका वेळेवर निघत होता, नेहमीच्या रस्त्याने सरकत होता, नेहमीच्या स्टॉपवर थांबत होता. तुम्ही म्हणत असाल, आलीच, पाच मिनिटांत घरी. आणि ज्या क्षणी तुम्हाला हायसं वाटत होतं, त्याच क्षणी तो माणूस तिच्या पाठीला टेकून उभा होता. ॲपने आपलं काम चोख केलं. फक्त तुम्हाला जे कळायला हवं होतं ते त्याच्या कक्षेतलं नव्हतं. तुमच्याकडे बातमी पोचायचा एकच रस्ता होता, तिचं तोंड, आणि तो पावणेनऊच्या फोनांनी बंद झाला होता.

यात आणखी एक गोष्ट आहे. ठिपका घरावर आला की धोका संपला, असं आपण गृहीत धरतो. आकडे तसं सांगत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ८५ हजार स्त्रिया आणि मुलींची हत्या झाली. त्यांतल्या सुमारे ५१ हजार जणींना मारणारा नवरा, जोडीदार किंवा कुटुंबातलाच कुणीतरी होता. शंभरातल्या साठ. जागतिक आरोग्य संघटनेचं लैंगिक आणि शारीरिक हिंसेबद्दलचं २०२१ चं अनुमानही याच दिशेचं आहे: जोडीदाराकडून होणारी हिंसा ही जोडीदार सोडून इतर कुणाकडूनही होणाऱ्या लैंगिक हिंसेपेक्षा कितीतरी पट जास्त. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. सांगायचं एवढंच की आज बसमधला माणूस आहे. उद्या एखादा सर, मित्राचा मित्र, नात्यातला कुणी, आणखी काही वर्षांनी कदाचित तिने स्वतः निवडलेला जोडीदार. तेव्हा ठिपका अगदी योग्य जागी असेल. त्या वेळी तिने तुम्हाला फोन करावा असं वाटत असेल, तर तिला तुमच्याशी बोलायची सवय आत्ता, या फडतूस बसवाल्या प्रकरणातच लागायला हवी.

मग ॲप काढायचं का? तिला विचारा. मुली हे आपण होऊन करतात, रात्री रिक्षात बसल्या की मैत्रिणीला लोकेशन पाठवतात, पोचल्यावर बंद करतात. तिथे किल्ली त्यांच्या हातात असते. तुमच्या घरात ते ठेवायचंच असेल तर चौघांच्या फोनवर असू द्या. तुम्ही कुठे आहात ते तिला दिसू दे, धाकटा कुठे आहे ते तिला आणि आईला दिसू दे, आणि ज्याला हवं त्याला हवं तेव्हा ते बंद करता येऊ दे. हे वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, तर ती का पडली याचा जरा विचार करा. ‘मी साडेसहापासून आठपर्यंत कुठे होतो’ हे कुणी विचारू नये असं तुम्हाला वाटतं ना? तिलाही तसंच वाटतं. त्या दोन तासांत ती मैत्रिणीकडे होती. काही लपवायचं नव्हतं, फक्त कुणी बघत नसलेले दोन तास हवे होते.

‘भेद केला नाही’ असं तुम्ही लिहिता. मला ते खोटं वाटत नाही. शिक्षण, कपडे, फोन, सगळं सारखं दिलं असेल. तरी दोन-तीन गोष्टी विचारते. धाकटा रात्री किती वाजता येतो? त्याला पावणेनऊला फोन जातो का? ताट उचलून बेसिनमध्ये ठेवून तो उठतो, की ते तिथेच राहतं आणि कुणीतरी उचलतं? ते कुणीतरी कोण? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये हिशोब मांडला होता: घरकाम आणि माणसांची देखभाल, म्हणजे ज्याचा पगार मिळत नाही अशा कामात जगभरातल्या बायकांचे दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं जातात, पुरुषांचे १ तास २३ मिनिटं. तुम्ही म्हणाल, ताटाचा आणि बसचा काय संबंध? माझ्या मते आहे. आपल्या सोयीसाठी एखादी बाई आपोआप सरकते, उचलते, गप्प बसते, हे मुलगा आधी घरात बघतो. बसमधल्या त्या माणसाचा भरवसा नेमका त्याच्यावरच होता: ही सरकेल, बोलणार नाही.

आणि तुमची पत्नी. अख्ख्या पत्रात त्या एकाच वाक्यात आल्या आहेत, ‘हिचं मत माझ्यासारखंच आहे.’ असेलही. पण त्यांना तुम्ही हे मत विचारलंत की सांगितलंत? एक करून बघा. मुलगी नसताना त्यांना विचारा, तुझ्याबरोबर बसमध्ये, रस्त्यात, ऑफिसात कधी असं झालं होतं का, आणि तू कुणाला सांगितलं होतंस. वीसेक वर्षांच्या संसारात तुम्ही हा प्रश्न कधी विचारला नसावा असा माझा अंदाज आहे. चुकीचा निघाला तर मला आनंद होईल.

स्प्रे आणि कराटे. स्प्रेबद्दल माझं मत थोडक्यात: तुमच्याकडे तो बाळगायला कायद्याने परवानगी असेल आणि तिला हवा असेल तर घ्या, पण गच्च भरलेल्या बसमध्ये तो उडवला तर खोकत बसतील ते सगळेच, ती धरून. आणि बॅगच्या तळाशी, चार्जरच्या वायरीत गुरफटलेला स्प्रे काय कामाचा? त्यापेक्षा आवाज बरा. तो शोधावा लागत नाही.

आवाजावरून आठवलं, कराटेला घालायला माझा विरोध नाही, पण नुसत्या ठोशांवर भिस्त ठेवू नका. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर एक प्रयोग झाला, २०१५ मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. निम्म्या मुलींना १२ तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्यांचं प्रमाण माहितीपत्रकवाल्या गटात ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. आता त्या १२ तासांत काय होतं ते महत्त्वाचं. हातपाय चालवणं होतंच, पण त्याआधी बरंच काही होतं. ओळखीचा, गोड बोलणारा माणूस जबरदस्ती करायला लागलाय हे लवकर ओळखायचं कसं. ओळखल्यावरही ‘उगाच तमाशा नको’, ‘त्याला वाईट वाटेल’ असं मनात येतं, ते बाजूला सारायचं कसं. म्हणजे मुलींच्या अंगात चांगुलपणाचं जे वळण बसवलेलं असतं ते गरजेला मोडायचा सराव. हे कुठलाही क्लास एकटा शिकवू शकत नाही. घरात ती तुम्हाला ‘नाही, मला हे पटत नाही’ म्हणाली आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत, तर तोही सरावच. गाडीतला अबोलासुद्धा मी त्यातच धरते. ती नाही म्हणतेय, बोलण्याची सोय नाही म्हणून न बोलता.

आता धाकटा. त्याच्यावर ‘बहिणीकडे लक्ष ठेव’ ही जबाबदारी टाकली नसेल अशी आशा आहे. टाकली असेल तर काढून घ्या. सोळा वर्षांच्या मुलाला एकोणीस वर्षांच्या बहिणीचा राखणदार केलं की तो बायकांची राखण करायला शिकतो, म्हणजे त्यांच्यावर हक्क सांगायला. त्याला दुसरं काम द्या. त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर एखाद्या मुलीचा फोटो येतो, खाली शेरे येतात. येत नाहीत असं समजू नका, कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही ग्रुपवर येतात. तिथे त्याने भाषण ठोकावं असं मी म्हणत नाही, सोळाव्या वर्षी ते जमत नाही. पण हसण्याचा इमोजी न टाकणं जमतं. ‘ए, बास की’ एवढं म्हणणं जमतं. जिचा फोटो असेल तिला सांगणं जमतं. आणि ताईचं गुपित त्याने तीन महिने सांभाळलं, याबद्दल त्याला रागावला असाल तर तेही मिटवून टाका. तिने विश्वासाने सांगितलेलं त्याने ऐकून घेतलं होतं. घरात हे त्या एकालाच जमलं.

बसमधल्या बाकीच्यांचं काय? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात आलं असेल: इतकी माणसं होती, कुणी काही बोललं कसं नाही. लोक षंढ झालेत वगैरे आपण लगेच म्हणतो. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या शहरांतल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेले २१९ भांडणांचे प्रसंग संशोधकांनी तपासले, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दहातल्या नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं, आणि बघे जास्त तितकी कुणीतरी पडण्याची शक्यता जास्त. म्हणजे माणसं आपण समजतो तितकी दगड नाहीत. पण ती भांडणं होती, दिसणारी, ऐकू येणारी. खेटून उभं राहणं दिसत नाही. शेजारच्याला वाटतं गर्दी आहे. म्हणून ‘अहो, तुम्ही मागे सरका, अंगाला लागताय’ हे मोठ्याने म्हणण्याचा उपयोग होतो. त्या माणसाला ते ऐकू जावं हा एक भाग झाला, उरलेल्या तीस जणांना कळावं हा दुसरा.

आणि त्या तिसांत कधी तुम्ही असाल, तेव्हा? कॉलर धरायची गरज नसते. मुलीच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभं राहायचं. तिला म्हणायचं, ‘हा स्टॉप कुठला हो?’ किंवा ‘इथे बसा, मी उतरतोय.’ त्या माणसाकडे बघायचंही नाही. ड्रायव्हर-कंडक्टरला सांगायचं. काहीच जमलं नाही तर नंतर तिला विचारायचं, ‘मी बघितलं. ठीक आहात ना?’ हे ‘मी बघितलं’ फार मोलाचं आहे, कारण अशा वेळी मुलीला सगळ्यात आधी शंका येते ती स्वतःवरच, मला उगाच तर वाटत नाही ना. वाचनालयात मला वर्षभर तसंच वाटत होतं. मात्र मोबाइल काढून तिचा व्हिडिओ करून तो सगळीकडे पाठवू नका. केलाच तर तो तिच्या हातात द्या, त्याचं काय करायचं ते ती बघेल.

‘बाहेरचं जग सुधारेपर्यंत’ असं तुम्ही म्हणता. ते आपोआप सुधारत नाही, कुणीतरी बसून कटकट केली की सुधारतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये बायकांच्या संघटनांनी पाठपुरावा केला आणि १९९६ पासून रात्रीच्या बसमधून बाईला दोन स्टॉपच्या मध्ये, घराजवळ, उतरता येऊ लागलं. ड्रायव्हरला आधी सांगायचं, तो सुरक्षित जागा बघून थांबवतो. म्हटलं तर काय बदललं? ना नवीन बस, ना नवीन रस्ता. फक्त एक नियम. टोरांटोत त्याआधी, १९८९ मध्ये, मेट्रॅक नावाच्या संस्थेने बायकांना हातात कागद देऊन आपापल्या वस्तीत फिरायला लावलं: कुठे भीती वाटते, का वाटते, लिहा. दिवा नाही, झुडूप वाढलंय, पळायला दुसरी वाट नाही, हाक मारली तर ऐकू जाईल असं घर नाही. ती पद्धत नंतर जगभरातल्या शहरांनी उचलली. बाईच्या भीतीला पत्ता असतो, खांबाचा नंबर असतो, हे त्यातून दिसलं.

तुम्हाला मी तेच करायला सांगणार आहे, घरच्या घरी. तिची परवानगी असेल तर एका संध्याकाळी तिच्याबरोबर त्याच बसने या. तिच्या शेजारी रक्षक म्हणून बसू नका, ती नेहमी उभी राहते तिथे तिला उभी राहू द्या आणि ती काय काय करते ते बघा. बसमध्ये चढल्यावर आधी नजर कुठे फिरते. कुठल्या दांड्याला धरते, पाठ कुठे टेकवते. मग स्टॉपवरून घरापर्यंत चालत या आणि तिला बोलू द्या. इथे रस्ता ओलांडते, कारण पलीकडे दुकान उघडं असतं. इथून फोन कानाला लावते, समोर कुणी नसतं. इथे किल्ली मुठीत घेते. या खांबावरचा दिवा पावसाळ्यापासून बंद आहे. तुम्ही त्या रस्त्याने वर्षानुवर्षं येता-जाता, दिवा बंद आहे हे तुम्हाला माहीतही नसेल. दुसऱ्या दिवशी त्या दिव्याचा आणि बसच्या त्या फेरीचा अर्ज तुम्ही लिहा, तारीख-वेळ घालून, आणि पोच घ्या. पत्र तुम्ही चांगलं लिहिता. दर आठवड्याला त्याचा पाठपुरावा करा; पावणेनऊच्या फोनांतला सगळा उत्साह तिकडे लावा. बसवाल्यांना लिहिताना तिचं नाव घालायचं की नाही ते मात्र तिला विचारून.

निघताना गाडीची किल्ली घरी ठेवा, धाकट्याला बरोबर घेऊ नका, आणि ती बोलत असताना ‘अगं, मग तू असं का नाही करत’ हे वाक्य आलंच तोंडाशी, तर गिळून टाका. काय दिसलं ते मला कळवा. आणि दिवा लागला की तेही.